मोठी लेन्स नंतर, आधी फांदी बांधा

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. जुन्या सोसायटीत तळमजल्यावर घर, मागे वीस-बावीस फुटांचं परसदार, त्याच्या टोकाला कंपाउंडच्या भिंतीवर दाण्यांची थाळी आणि पाण्याचं भांडं. थंडी पडल्यापासून तिथे बुलबुल, शिंजीर, कधी मुनियांचा थवा येतो. ताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ७०-३०० मिलिमीटरच्या झूम लेन्सने फोटो काढतात. खिडकी पूर्वेला आहे. पक्षी फोटोत एवढासा येतो, काळपट येतो आणि मागे शेजारच्या इमारतीवरची निळी ताडपत्री दिसते. तर १५०-६०० ची लेन्स घ्यावी का?

ताई, सध्या घेऊ नका. तुमच्या तिन्ही तक्रारी जागेच्या आहेत. लेन्स बदलून त्यातली जेमतेम एक सुटेल.

आधी आकाराचं बघू. शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १० सेंटिमीटरचा. भिंत तुमच्या खिडकीपासून सहा मीटरवर. लेन्स पूर्ण लांबवून ३०० वर ठेवली तर सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते सुमारे ५ मिलिमीटरची. तुमच्या कॅमेऱ्याच्या एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराच्या, सेन्सरची रुंदी २३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पक्षी पाव चौकटसुद्धा भरत नाही. आता तेच भांडं तीन मीटरवर आणा. पक्षी तोच, लेन्स तीच, पण प्रतिमा ११ मिलिमीटर, जवळजवळ अर्धी चौकट. सहा मीटरवरून ६०० ची लेन्स लावली असतीत तरी एवढीच आली असती. शिवाय तुमच्या आणि पक्ष्याच्या मध्ये मुंबईची हिवाळी हवा निम्मी राहते. सकाळचं ते धुरकट पांढुरकेपण लांबच्या फोटोचा करकरीतपणा खाऊन टाकतं. तीन मीटरवर त्याचा काही उपद्रव होत नाही. बहुतेक ७०-३०० लेन्सा दीड मीटरच्या आसपासही फोकस करतात, त्यामुळे तीन मीटर अंतर त्यांना अगदी सोयीचं आहे.

मात्र भांडं एका दिवसात उचलून खिडकीपाशी आणू नका. पक्षी चार दिवस फिरकणार नाहीत आणि तुमचा धीर सुटेल. रोज एक फूट पुढे सरकवा. दहा दिवसांत दहा फूट होतात आणि पक्ष्यांना बदल जाणवतही नाही. मी बोरिवलीला पहिल्या मजल्यावर राहतो, मागे आंबा आणि शेवगा आहे. गेली वीसेक वर्षं मी दर हिवाळ्यात ही मांडणी करतो. पक्षी सप्ताहात, म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबरला, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवशी सुरुवात करायची आणि सालीम अलींच्या वाढदिवसापर्यंत भांडं जागेवर आणायचं, असा माझा शिरस्ता आहे. तुम्ही उशिरा सुरुवात केलीत तरी बिघडत नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत पुष्कळ दिवस मिळतात.

खिडकीला लपण करा. जुनी गडद चादर किंवा काठ काढलेली सुती साडी पडद्यासारखी लावा, तिला लेन्स जाईल एवढी चीर द्या आणि आतला दिवा बंद ठेवा. काच पूर्ण सरकवा, काचेतून काढूच नका. ग्रिलच्या दोन गजांमधून लेन्सचं तोंड बाहेर येऊ द्या, गजांच्या मागे ठेवलंत तर चौकटीत राखाडी पट्टा उमटतो. खिडकीच्या कट्ट्यावर तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवून तिच्यावर लेन्स टेकवली तर ट्रायपॉडही लागत नाही. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की लक्षात आली आहे: कुकरच्या शिट्टीला पक्षी दचकत नाहीत, खिडकीत हललेल्या हाताला दचकतात. तुम्ही आत खुशाल फोडणी घाला, फक्त चिरेपाशी गेल्यावर सावकाश हला.

आता थाळीविषयी. दाणे बंद करा. हे मी फोटोच्याही आधी शेजारधर्मासाठी सांगतो. पंधराएक वर्षांपूर्वी मीही चिमण्यांसाठी म्हणून कठड्यावर तांदूळ आणि ज्वारी टाकत असे. महिन्याभरात चाळीस-पन्नास कबुतरं यायला लागली, चिमण्या एकदम नाहीशा झाल्या. खालच्या मजल्यावरच्या आजींना दम्याचा त्रास, त्यांच्या खिडकीवर विष्ठेचे थर साचले. त्यांनी एका सकाळी मला हाताला धरून खाली नेलं आणि ते दाखवलं. त्या दिवसापासून माझ्या कठड्यावर दाणा पडलेला नाही. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद २०२५ मध्ये न्यायालयापर्यंत गेला तो यामुळेच. मुनियांसाठी जीव तुटत असेल तर चार सेंटिमीटर चौकोनाच्या जाळीच्या पिंजऱ्यात मूठभर राळा किंवा बाजरी ठेवा. मुनिया आत जाते, कबुतर जात नाही. पण त्याहून चांगला उपाय तुमच्याकडे फुकट आहे. कंपाउंडच्या कोपऱ्यात उगवलेलं गिनी गवत माळ्याला कापू देऊ नका. त्याच्या वाकलेल्या तुऱ्यावर ठिपकेवाली मुनिया आडवी लटकून एकेक दाणा सोलते. पिंजऱ्यात बसलेल्या मुनियेच्या फोटोला ती सर नाही.

पक्षी खऱ्या अर्थाने जमतात ते पाण्यावर. दाण्यावर फक्त दाणे खाणारे येतात, पाण्यावर सगळे येतात: शिंपी, चष्मेवाला, दयाळ, सुभग, आणि उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे, जे थाळीकडे ढुंकूनही बघत नाहीत. मातीचं पसरट परळ घ्या. पाणी दोन-तीन सेंटिमीटरच ठेवा आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवा. पाणी खोल असलं की छोटे पक्षी काठावरूनच परत जातात. पाणी रोज सकाळी ओता, परळ काथ्याने घासा, मग नवीन भरा. यात एक दिवसही सूट नाही. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्याभरात तयार होतो आणि पालिकेची माणसं तपासायला येतात ती योग्यच करतात. घाणेरड्या पाण्यातून पक्ष्यांमध्येही आजार पसरतात.

पाणी थेंबथेंब पडत असेल तर मग बघायलाच नको. औषधाच्या दुकानातून सलाइनचा नवा, न वापरलेला सेट आणा. पाण्याची लिटरभराची बाटली परळाच्या दोनेक फूट वर टांगा आणि नळीचं चाक फिरवून सेकंदाला एक थेंब पडेल असं करा. अशा सेटमधून साधारण वीस थेंबांना एक मिलिलिटर पाणी जातं, म्हणजे लिटरभर पाणी पाच तासांहून जास्त पुरतं. सकाळी सातला लावलं की दुपारपर्यंत चिंता नाही. टप् टप् या आवाजावर पानांआडचे पक्षी खाली उतरतात. माझ्याकडे चष्मेवाल्यांचा थवा पहिल्यांदा परळावर आला तो नळी लावल्याच्या तिसऱ्या दिवशी. आधी दोन वर्षं ते आंब्यावरूनच निघून जायचे.

आता फांदी. पक्षी भांड्याच्या काठावर बसला की फोटोत भांडंच जास्त दिसतं. पण छोटा पक्षी थेट पाण्यावर उतरत नाही. तो आधी जवळ कुठेतरी बसतो, मान वळवून मांजर, कावळा, शिक्रा आहे का ते बघतो आणि मग उतरतो. तो जिथे बसतो ती जागा तुम्ही ठरवायची. परळापासून फूट-दीड फुटावर, परळाहून थोडी वर, एकच फांदी बांधा. दुसरी बसायला सोयीची जागा आसपास ठेवू नका, कपड्यांची दोरीसुद्धा काढा. फांदी झाडाची तोडू नका, खाली पडलेली उचला. शिंजीर, शिंपी, चष्मेवाल्यासाठी पेन्सिलीएवढी जाड पुरे, बुलबुल आणि दयाळासाठी अंगठ्याएवढी. विटांनी दाबलेल्या कुंडीत ती रोवा किंवा बांबूला सुतळीने बांधा.

तिची दिशा फार महत्त्वाची आहे. ती खिडकीच्या समोर आडवी हवी, तुमच्याकडे टोक करून नको. तीन मीटरवर ३०० मिलिमीटरला एफ ५.६ वर (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा) फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट येतो तो, मिळते फक्त दोनेक सेंटिमीटर. फांदी आडवी असेल तर पक्षी बहुधा बाजू दाखवून बसतो आणि डोळा, चोच, पंख एकाच पातळीत येतात. फांदी तुमच्याकडे तोंड करून असेल तर डोळा स्पष्ट येतो आणि शेपटी विरघळून जाते. थोडी तिरपी, एका बाजूला किंचित चढती फांदी डोळ्यांना बरी वाटते. सालीवर थोडं दगडफूल असेल तर सोन्याहून पिवळं. दर आठवड्याला फांदी बदला, नाहीतर महिन्याभराचे सगळे फोटो एकाच फोटोसारखे दिसतात.

भांडं पुढे आल्यामुळे ताडपत्रीचाही निकाल बराचसा लागतो. आतापर्यंत पक्षी भिंतीवर आणि ताडपत्री त्याच्या पाठीशी अशी स्थिती होती. आता पक्षी तीन मीटरवर आणि भिंत त्याच्याही मागे तीन मीटर. पक्षी जवळ आला आणि मागचं लांब गेलं, या दोन्हींमुळे मागचं सगळं लोण्यासारखं मऊ होतं. फक्त रंग कुठला उतरतो ते बघायचं. भिंतीला टेकवून कर्दळीच्या दोन-तीन कुंड्या ठेवा. तुम्हाला तिथे पानं दिसणार नाहीत, नुसता हिरवा रंग दिसेल, आणि तेच हवंय. मागे हिरवं कापड लावायचा सल्ला पुष्कळ लोक देतात, मला तो पटत नाही. कापड सपाट दिसतं, पानांच्या अंधार-उजेडाची हालचाल त्यात नसते. ताडपत्री तरीही डोकावत असेल तर खिडकीत स्टूल घेऊन कॅमेरा सहा इंच वर घ्या. एवढ्यानेच चौकटीतून ती वर निघून जाते.

काळपटपणाचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे: खिडकी पूर्वेला. सकाळी तुम्ही सूर्याकडे तोंड करून फोटो काढता, म्हणून पक्ष्याची तुमच्याकडची बाजू सावलीत राहते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संगणकावर कितीही उजळवलं तरी दाणेदार राखाडीच मिळेल. पण हिवाळा तुमच्या बाजूने आहे. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पंचवीसेक अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि दिवसभर दक्षिणेच्या बाजूनेच फिरतो. म्हणून परळ आणि फांदी परसदाराच्या उत्तरेकडच्या बाजूला, म्हणजे खिडकीतून बघताना डाव्या हाताला न्या. कर्दळीच्या कुंड्याही त्याच रेषेत मागे सरकवा. सकाळी साडेआठ-नऊला ऊन तुमच्या उजव्या हाताकडून पक्ष्याच्या अंगावर येईल, आणि दहाच्या पुढे ते तुमच्या उजव्या खांद्यावरून पक्ष्यावर पडेल. डिसेंबरअखेर भर दुपारीसुद्धा इथे सूर्य ४८ अंशांच्या आसपासच असतो, त्यामुळे साडेदहा-अकरापर्यंतचा उजेड वापरता येतो. मे महिन्याच्या मध्याला तोच सूर्य मुंबईच्या बरोबर माथ्यावर येतो, तेव्हा नऊ वाजताच कॅमेरा आत ठेवावा लागतो. थंडीतल्या सकाळचं धुरकं लांबच्या फोटोला वाईट असलं तरी जवळच्याला उपकारक आहे. ते उन्हावर मलमलीचा पडदा धरतं आणि पांढऱ्या पोटाच्या पक्ष्याची पिसं जळत नाहीत.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटो, एफ ५.६ किंवा ६.३, शटर १/१०००. बसलेला पक्षीसुद्धा सतत मान झटकतो, म्हणून १/२५० वर समाधान मानू नका. उडताना पकडायचा असेल तर १/३२०० च्या पुढे. आयएसओ १६०० किंवा ३२०० झाला तरी घाबरू नका, त्याने फोटोत येणारा दाणेदारपणा संगणकावर कमी करता येतो, हललेला डोळा सुधारता येत नाही. फोकस डोळ्यावरच. फोटो रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये काढा. फ्लॅश मी वापरत नाही.

आता जे बघायला मिळेल त्याच्याविषयी सांगतो, कारण पक्षी काय करणार हे आधी कळलं तर बोट वेळेवर दाबलं जातं.

तुम्ही ज्याला शिंजीर म्हणताय ते बहुधा दोन निरनिराळे पक्षी आहेत. जांभळ्या पाठीच्या शिंजिराचा नर वर्षभर तसाच असतो, पिवळं पोट, काळसर किरमिजी छाती. जांभळ्या शिंजिराचा नर मात्र विणीनंतर आपला झगझगीत पोशाख उतरवतो आणि मादीसारखा पिवळट होतो. गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी राहते, जणू कुणी बोरूने ओढली आहे. जानेवारीत त्याला परत रंग चढायला लागतो, तोही ठिपक्याठिपक्यांनी. मागे एका वर्षी शेवग्यावर असा एक नर रोज यायचा. पहिल्या आठवड्यात गालावर दोन निळी पिसं, दुसऱ्या आठवड्यात खांद्यावर एक तुकडा, फेब्रुवारी उजाडला तेव्हा डोकं पूर्ण निळं आणि पोट अजून पिवळं, चिंध्यांच्या गोधडीसारखा. मी दर रविवारी त्याच फांदीवर त्याचा एक फोटो काढला. ते सात फोटो एका ओळीत लावले आहेत आणि माझ्या सगळ्या कामात मला ती ओळ जास्त प्रिय आहे. तुमच्या परसदारात हे करता येईल, जंगलात जाऊन नाही, कारण तिथे रोज तोच पक्षी त्याच फांदीवर भेटत नाही.

त्याचा तो जांभळा-निळा रंग म्हणजे पिसांतलं रंगद्रव्य नव्हे. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून उजेड परततो त्याचा तो खेळ आहे. म्हणून उजेड तुमच्या मागून असेल तर पक्षी रत्नासारखा पेटतो, बाजूने किंवा समोरून असेल तर कोळशासारखा काळा दिसतो. जांभळ्या शिंजिरासाठी दहानंतरचा उजेड राखून ठेवा. साखरेचं पाणी ठेवू नका. जास्वंद, पेंटास, हामेलिया यांची एकेक कुंडी फांदीजवळ ठेवली तर तो आपोआप येतो आणि फुलात चोच घालताना मिळतो.

परसदारात आंब्यावर बांडगूळ असेल तर सोसायटीला सांगून एखादा झुबका राखा. फुलटोचा नावाचा अंगठ्याएवढा पक्षी त्याच्या फळांवर जगतो. बी इतकं चिकट असतं की ते सोडवायला त्याला बूड फांदीवर घासावं लागतं, आणि तिथेच नवं बांडगूळ रुजतं. ही घासण्याची क्रिया दोन-तीन सेकंदांची असते, पण तो त्याच फांदीवर पुन्हा पुन्हा करतो.

आणि दयाळाच्या निम्म्या आकाराचा, तपकिरी, शेपटी वर उडवणारा, टर्र असा सुका आवाज काढणारा पक्षी झाडाखालच्या सावलीत दिसला तर तो लाल छातीचा माशीमार. थंडीत येणारा पाहुणा आहे, मार्चअखेर निघून जातो. नारिंगी गळा फक्त प्रौढ नराला, बाकीचे साधे तपकिरी असतात, पण सगळ्यांच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे. माशी पकडून तो फिरून त्याच जागी येऊन बसतो, त्यामुळे पहिल्यांदा चुकलात तरी कॅमेरा हलवू नका. इथे मघाचा नियम मोडायचा: सावलीत उजेड कमी आणि हा बसतो स्तब्ध, तेव्हा १/२५० चालेल, पण पाच-सहा फोटो एका झपाट्यात काढा.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. मी एकदा दयाळाचा आवाज वाजवला होता. तो पंख पाडून, चोच उघडून अर्धा तास माझ्या कठड्यावर शत्रू शोधत राहिला. पाण्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. जांभळ्या पाठीच्या शिंजिराची मादी कोळिष्टकं वेचताना दिसली तर जवळपास घरटं बांधणं चालू आहे असं समजा आणि त्या बाजूला कॅमेरा नेऊ नका. घरट्याकडे माणसांची ये-जा दिसली की कावळ्यांना पत्ता लागतो.

तर आता असं करा. आज थाळी उचला, परळ आणि सलाइनचा सेट आणा आणि उद्यापासून रोज एक फूट, डावीकडे आणि खिडकीच्या दिशेने. दहाव्या दिवशी फांदी बांधून झाली की सकाळी साडेनऊला रिकाम्या फांदीचा एक फोटो काढा, पक्षी नसताना. तो फोटो आणि मापपट्टीने मोजलेलं खिडकी ते फांदी अंतर मला कळवा. कर्दळीच्या कुंड्या किती सरकवायच्या आणि फांदी कुठल्या बाजूला कलती करायची, ते त्यावरून सांगतो.